मेकअप उतरवण्याचं काम

नवरीचा मेकअप करणाऱ्या बाईचं काम शेवटची पिन खोचली, सेटिंग स्प्रे मारला की संपलं, असं आमच्या धंद्यात सर्रास धरलं जातं. दर ठरतो तो चढवण्याचा. उतरवणं नवरीवर सोडलेलं असतं, आणि तेही रात्री एक-दोन वाजता, पाय सुजलेले असताना, नव्या घरातल्या अनोळखी न्हाणीघरात, दाराबाहेर चार नणंदा ताटकळत असताना. मग जो साबण हाताला लागेल तो घ्यायचा आणि चेहरा खसाखसा घासायचा. चार दिवसांनी गालावर पुरळ उठलं, डोळ्यांखाली आग व्हायला लागली की दोष जातो मेकअपला, पर्यायाने मेकअप करणारीला. सरावली, बोईसर, चिंचणी, पालघर या पट्ट्यात लग्नसराईत काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ब्युटिशियनने ही तक्रार ऐकलेली आहे. माझं ठाम मत असं, की यातली बरीचशी इजा मेकअप चढवताना होत नाही, उतरवताना होते, आणि म्हणून उतरवणं हाही आमच्याच कामाचा भाग मानला पाहिजे. गेल्या काही वर्षांत कोरियन क्लिन्झिंग बाम आमच्याकडच्या पार्लरांत पोचला. तो वापरून पाहताना हे मत अधिक पक्कं झालं. बामचे गोडवे गाण्यासाठी हे लिहीत नाही. त्यात पैसे नेमके कशाचे मोजायचे आणि कशाचे नाहीत, हे कळलं पाहिजे म्हणून लिहिते आहे.

आधी चेहऱ्यावर असतं काय ते बघू. पूर्वी स्नो-पावडर, काजळ आणि कुंकू एवढ्यावर नवरी सजत असे. आजच्या मेकअपला मे महिन्यात, दमट हवेत, मांडवाच्या पत्र्याखाली आणि व्हिडिओवाल्याच्या दिव्यांसमोर आठ-दहा तास टिकायचं असतं. किनारपट्टीवर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणून फाउंडेशनमध्ये सिलिकॉन असतं, ओठांवरच्या मॅट लिपस्टिकमध्ये सिलिकॉनचं रेझिन असतं, मस्काऱ्यात मेण आणि पातळ पापुद्रा धरणारं पॉलिमर असतं, आणि या सगळ्यांत रंग म्हणून लोहाची ऑक्साइडं आणि टायटॅनियम डायऑक्साइड मिसळलेलं असतं. यातला पातळ द्रव लावल्यावर मिनिटाभरात उडून जातो आणि मागे राहतो तो पाण्याला दाद न देणारा थर. वर सेटिंग स्प्रे त्याला आणखी बांधून ठेवतो. पाण्याने न निघणं हाच त्याचा गुण, त्यासाठीच आपण तो विकत घेतो. मग रात्री तोच पाण्याने आणि साबणाने निघावा ही अपेक्षा मुळातच चुकीची ठरते. तूप लागलेलं पातेलं नुसत्या पाण्याखाली धरून काय होतं, ते स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

साबणाने तो निघतच नाही असं नाही. थोडा निघतो, म्हणून आपण पुन्हा लावतो, पुन्हा घासतो. साबणाच्या वडीचा सामू साधारण नऊ ते दहा, आणि त्वचेचा पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल. एकदा धुतलं तर त्वचा सावरून घेते. पण एकाच रात्री तीन-चारदा, तेही टॉवेलने रगडून, म्हणजे वरचा संरक्षक थर आपणच खरवडून काढतो. हळदीच्या रात्री तर याची खूण डोळ्यांना दिसते. हळदीतला रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, आणि अल्कली लागली की लालसर होतो. हळदीला चुन्यासारखा अल्क लावून कुंकू करतात ते याच गुणावर. म्हणून हळदीने माखलेल्या चेहऱ्यावर साबण फिरवला की कानामागे, भुवयांत, केसांच्या मुळाशी तांबूस डाग उमटतात. आई घाबरते, मुलगी आणखी जोरात घासते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यासमोर बसलेला चेहरा आधीच सोललेला असतो. त्यावर फाउंडेशन बसत नाही, नाकाच्या कडेला खवले सुटतात. म्हणजे आदल्या रात्रीचं उतरवणं बिघडलं तर दुसऱ्या दिवशीचं चढवणंही बिघडतं. ही दोन कामं वेगळी नाहीतच.

त्यात आमच्याकडच्या पाण्याची भर. सूर्या प्रकल्पाचं पाणी जिथे नळाला येतं तिथे ठीक, पण चाळी आणि पाडे जिथे बोअरवेलवर चालतात तिथे पाणी जड, कुठे कुठे सरळ मचूळ. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळलं की फेस येत नाही, पांढरट चिकट साय धरते, बादलीच्या काठाला बसते तीच. ही साय चेहऱ्यावरही राहते. धुतल्यानंतर गाल ताणल्यासारखा वाटतो, त्याला बायका 'स्वच्छ झाल्यासारखं वाटतंय' म्हणतात. खरं तर तो कोरडेपणा असतो, आणि त्याच्याखाली फाउंडेशनचा अंश शाबूत असतो. कापसाचा ओला बोळा नंतर फिरवून बघावा, बदामी डाग येतोच.

आता बाम. डबी उघडली की आत घट्ट, गुळगुळीत, थंडीत गोठलेल्या खोबरेलासारखा पांढरा किंवा फिकट रंगाचा गोळा दिसतो. सोबत बहुतेकदा छोटा प्लास्टिकचा चमचा असतो. हात कोरडे हवेत आणि चेहराही कोरडाच हवा. बहुतेकजणी इथेच चुकतात, सवयीने आधी तोंडावर पाणी मारतात. तळहातावर घेतलेला तुकडा बोटांच्या उबेने वितळून तेल होतो. ते तेल गालावरून, कपाळावरून, मग मिटलेल्या पापण्यांवरून अलगद फिरवायचं. वॉटरप्रूफ मस्कारा आधी ढिम्म हलत नाही, मग पापणीच्या टोकाकडून सुटायला लागतो, आणि काही क्षणांत डोळ्याभोवती काळं वर्तुळ पसरतं. पहिल्यांदा बघणारी नवरी आरशात स्वतःला पाहून दचकते. तिला आधीच सांगून ठेवावं. या पायरीला घाई करू नये आणि जोरही लावू नये. घासून काही साधत नाही, विरघळायला वेळ दिला की पुरतं. मग बोटं पाण्यात बुडवून तीच ओली बोटं चेहऱ्यावर फिरवायची. पारदर्शक तेल डोळ्यांदेखत दुधासारखं पांढरं होतं. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. ती टाळून थेट धुतलं तर तेलाचा पापुद्रा राहतो. दूध झालं की कोमट पाण्याने चेहरा धुवायचा, आणि ते दूध सगळा रंग घेऊन वाहून जातं.

हे दूध होतं कशामुळे, यातच बामची सगळी करामत आहे. डबीवरची घटकांची यादी वाचली तर सुरुवातीला हलकी तेलं दिसतात. त्वचेवर चपचपीत न बसणारी, मेण आणि सिलिकॉनच्या थरात लवकर शिरणारी. सेटिल इथाइलहेक्झानोएट हे त्यातलं एक नेहमीचं नाव. त्यांच्यामागे पीईजी-२० ग्लिसरिल ट्रायआयसोस्टिअरेटसारखा घटक असतो. हा तेल आणि पाणी यांच्यामधला दुवा. त्याचं एक अंग तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. चेहऱ्यावर पाणी नसेपर्यंत तो तेलात गुपचूप बसून राहतो, पाणी लागताच तेलाचे बारीक थेंब करून त्यांना पाण्यात तरंगत ठेवतो. शिवाय त्याच्यावर विद्युतभार नसल्याने जड पाण्यातल्या कॅल्शियमशी तो जुळत नाही, साय धरत नाही. आमच्या मचूळ पाण्याच्या गावांत हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि जाहिरातीत नेमका त्याचाच उल्लेख नसतो. जाहिरातीत असतात ती फुलं, फळांचे अर्क आणि काचेसारखी कोरियन त्वचा. चेहऱ्यावर मिनिटभर राहून धुऊन जाणाऱ्या वस्तूतला फळाचा अर्क त्वचेला काय देणार? त्याचे पैसे आपण मोजू नयेत.

यावर पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप घरातूनच येतो. खोबरेल तेल आहे की! किनाऱ्यावर माडांची कमी नाही, आणि तेलाने रंग उतरवणं आपल्याला नवं नाही. दशावतारी कलावंत आपली रंगरंगोटी स्वतः करतात आणि खेळ संपल्यावर खोबरेल चोळून उतरवतात. आजीही डोळ्यातलं तुपाचं काजळ तेलाच्या बोटानेच पुसायची. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण त्याचा अर्धा भाग पूर्ण खरा आहे. तेलातलं तेलानेच सुटतं, ही बामची पहिली पायरी आपल्याकडे होतीच. दुसरी पायरीसुद्धा होती. दिवाळीतलं अभ्यंगस्नान आठवावं. आधी तेल, मग उटणं. केसांना आधी तेल, मग शिकेकाई-रिठा. तेल नुसतं लावून सोडायचं नसतं, ते काढायलाही काहीतरी हवं, हे आपल्या आज्यांना नीट ठाऊक होतं. रिठ्यातला फेस तरी वेगळं काय करतो? तेलाला पाण्याच्या हवाली करतो.

अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे खोबरेल हे काजळ, जुना तेलकट रंग, हळद यांवर उत्तम चालतं, पण सिलिकॉन रेझिनच्या मॅट लिपस्टिकवर आणि वॉटरप्रूफ मस्काऱ्यावर ते मंद आहे. हलकी तेलं जे सहज सोडवतात, त्याला खोबरेलाने बराच वेळ लागतो, आणि तो वेळ निघत नाही म्हणून पुन्हा चोळणं आलं. डोळ्याभोवतीची कातडी चेहऱ्यावर सर्वांत पातळ, तिथे चोळणं नकोच. दुसरी अडचण मोठी. खोबरेल पाण्याने जात नाही. ते काढायला फेसवॉश किंवा साबण लागतोच, दमलेल्या मुलीकडून तो अर्धवट लागतो, आणि तेलात सुटलेला सगळा रंग तेलासकट छिद्रांत बसतो. पुरळ उठण्याची ज्यांची प्रवृत्ती आहे, त्यांना खोबरेल चेहऱ्यावर ठेवून चालत नाही, आमच्या दमट हवेत तर नाहीच. तेव्हा माझा हिशेब असा: साधी टिकली-काजळ, घरातला समारंभ, हळदीचा हात, यासाठी खोबरेल आणि मागून मसूरडाळीचं पीठ किंवा सौम्य फेसवॉश हे पुरेसं आहे, बामवर पैसे घालायची गरज नाही. एचडी मेकअप, लावलेल्या पापण्या, दहा तास टिकणारी लिपस्टिक असेल तर मात्र तेल आणि तेल काढणारं एकाच डबीत असण्याला अर्थ आहे. ओल्या वाइप्सचा पर्याय मी विचारातही घेत नाही. त्या मेकअप काढतात कमी, पसरवतात जास्त, आणि रगडल्याशिवाय काम करत नाहीत.

कोरियाने हे शोधलं, असाही समज आहे, आणि त्यापायी किंमतही वाढते. तेल, मधमाशीचं मेण आणि गुलाबपाणी यांचं शीतल मलम दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्याच्या नावावर जातं. आपल्या आई-मावश्यांच्या कपाटातली कोल्ड क्रीम त्याचीच नात. पाणी लागताच दूध होणारं क्लिन्झिंग ऑइल जपानमध्ये शू उएमुरा या रंगभूषाकाराने १९६७ साली बाजारात आणलं. कोरियन कंपन्यांनी त्याला घट्ट रूप दिलं, बनिला कोच्या 'क्लीन इट झीरो'सारख्या डब्या घरोघरी पोचवल्या आणि किंमत मध्यमवर्गीय मुलीच्या आवाक्यात आणली. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. बाकी देशाचं नाव त्वचेला कळत नाही. भारतीय कंपन्यांचे बामही आता मिळतात, आणि घटकांची यादी वाचता आली तर त्यातले चांगले ओळखता येतात.

या गावात हा विषय नवरीपुरता मात्र राहत नाही. सरावली तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला लागून आहे, आणि इथल्या कितीतरी मुली औषध कारखान्यांत काम करतात. औषधनिर्मितीच्या निर्जंतुक विभागात मेकअप, दागिने, घड्याळ चालत नाही. चेहऱ्यावरून पावडर झडली, पापणीवरचा चमकदार कण सुटला तर तो औषधात जायची भीती. बहिणीच्या हळदीला रात्री नटलेली मुलगी सकाळच्या पाळीला जाते तेव्हा तिचा चेहरा फक्त दिसायला स्वच्छ असून भागत नाही, पापण्यांच्या मुळाशी अडकलेला ग्लिटरसुद्धा निघालेला असावा लागतो. साबणाने तो निघत नाही, तिथल्या तिथे फिरतो. बामने, तेही दोनदा फिरवून, निघतो. उतरवण्याला मी काम म्हणते ते अशा मुलींकडे बघून. त्यांच्यासाठी ही हौस नाही, सकाळी गेटमधून आत जाण्याची अट आहे.

औद्योगिक वसाहतीचा उल्लेख आला की दुसरा आक्षेप समोर येतोच: एवढी रसायनं तोंडाला कशाला? तारापूरजवळ राहणाऱ्या माणसाने 'रसायन' या शब्दाला बिचकावं यात काही वावगं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत वर होतं. नाल्यांचे रंग आणि रात्रीचे वास आम्हाला पुस्तकातून शिकावे लागले नाहीत. पण याच वसाहतीत गॅलेक्सी सरफॅक्टंट्ससारख्या कंपनीचे कारखाने आहेत, जे शाम्पू आणि फेसवॉशला लागणारे फेसकारी घटक बनवतात. म्हणजे ज्या साबण-शाम्पूला आपण 'साधा' समजतो, तोही रसायनंच आहे, आणि काही वेळा त्याचं मूळ आपल्याच शेजारी असतं. प्रश्न रसायन असण्याचा नसून कुठलं, किती आणि शेवटी कुठे जातं याचा आहे. चेहऱ्यापुरतं बोलायचं तर बाम साबणापेक्षा सौम्य आहे. नाल्यापुरतं बोलायचं तर माझ्याकडे इतकं सोपं उत्तर नाही. काही बाममध्ये घट्टपणासाठी पॉलिइथिलीन वापरतात, म्हणजे सरळ प्लास्टिकच्या जातीचं मेण, आणि ते धुऊन पाण्याबरोबर जातं. इथला नाला खाडीला आणि खाडी मासेमारांच्या जाळ्याला मिळते. मधमाशीच्या किंवा तांदळाच्या कोंड्याच्या मेणाने घट्ट केलेले बाम उपलब्ध असताना पॉलिइथिलीनवाला घेऊ नये, तो कितीही नावाजलेला असला तरी. आमच्यासारख्यांनी ही निवड केली तर तारापूरचा नाला निर्मळ होणार नाही, हे मला माहीत आहे. पण ज्या नाल्याबद्दल आपण बोंब मारतो त्यात आपल्या हाताने भर घालू नये, एवढं तरी करता येतं.

तेलकट त्वचेला तेल नको, हाही आक्षेप रोजचा. त्वचेवर राहिलेलं तेल त्रास देतं, धुऊन गेलेलं नाही. म्हणून दूध होण्याची पायरी आणि त्यामागून सौम्य फेसवॉश, या दोन गोष्टी पाळल्या तर पुरळ उठणाऱ्या मुलींनाही बाम सहसा मानवतो. सुगंधी तेलं घातलेला बाम मात्र संवेदनशील त्वचेवर, विशेषतः डोळ्यांभोवती, झोंबू शकतो. ट्रायल मेकअपच्या दिवशीच कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघावा. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढायला लावाव्यात आणि चिकटवलेल्या पापण्याही आधी सोडवाव्यात. धुतल्यावर मिनिटभर नजर धूसर वाटते, ती तेलाच्या पापुद्र्याने. स्वच्छ पाणी मारलं की जाते.

पार्लरमध्ये बाम वापरण्याला काही शिस्त लागते, आणि इथे आमच्या धंद्यातली ढिलाई मला खुपते. एकाच डबीत प्रत्येकीची बोटं गेली तर एकीच्या डोळ्याची साथ दुसरीला जाते. कोरड्या स्वच्छ चमच्याने गरजेपुरता बाम वाटीत काढावा, वाटीतला उरलेला परत डबीत टाकू नये. डबीत पाणी गेलं तर ती खराब होते. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीतून आलेली डबी वितळून पुन्हा थिजलेली असते, वर तेल तरंगतं, खाली कणीदार होतं. तेवढ्याने ती वाया जात नाही, पण पोत बिघडलेला बाम नीट पसरत नाही. आणि डबीवर आयातदाराचं नाव, पत्ता आणि आयात नोंदणीचा क्रमांक आहे का ते पाहावं. सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांनुसार बाहेरून येणाऱ्या प्रत्येक प्रसाधनाची केंद्रीय औषध नियंत्रकांकडे नोंदणी बंधनकारक आहे. रेल्वेच्या फलाटाबाहेर किंवा फोनवरच्या सवलतीत अर्ध्या किमतीला मिळणाऱ्या कोरियन डबीवर हा क्रमांक नसेल तर ती डोळ्यांजवळ नेण्याचं धाडस करू नये.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि माझ्या मैत्रिणी शेवटी त्यावरच येऊन थांबतात. शंभर मिलीची कोरियन डबी हजाराच्या पुढे जाते, आणि नवरीकडची माणसं मेकअपच्या दरातच घासाघीस करतात, तर उतरवण्याचे कोण देणार? नवरीचा पूर्ण मेकअप उतरवायला अडीच मिलीच्या आसपास बाम लागतो. म्हणजे एका डबीत चाळीसेक चेहरे. डबी चौदाशेची धरली तरी एका चेहऱ्याला पस्तीस रुपये. आपण एका नवरीवर पिना, हेअर स्प्रे आणि टिकल्या यांत याहून जास्त घालतो आणि त्याचा वेगळा हिशेब मांडत नाही. हे पस्तीस रुपये पॅकेजमध्येच धरावेत आणि निघताना झाकणाच्या छोट्या डबीत तेवढा बाम नवरीच्या पाठराखणीच्या हातात द्यावा. डबीवर चार ओळींचा कागद चिकटवावा: चेहरा कोरडा, बोटं कोरडी, घासायचं नाही, पाणी लावून दूध झालं की धुवायचं. तारीखही टाकावी, आठवड्याच्या आत वापरायला सांगावं. पाठराखणीला हे समोर बसवून एकदा करून दाखवलं तर जास्त चांगलं, कारण त्या रात्री नवरीच्या अंगात कागद वाचायचंही त्राण नसतं.